तानिमास नदी ओलांडताना

शोदारा, बरतांग खोरं
४ मे २००६

अलिदोद,

हायकेचं पत्र मिळालं. रुशानच्या पोस्टात ते हिवाळाभर पडून होतं, रस्ता मोकळा झाल्यावर सफरबेकच्या जीपमधून वर आलं. तुझ्या बायकोची रशियन पुस्तकातून शिकलेली दिसते, पण अक्षर तुझ्यापेक्षा पुष्कळ बरं आहे.

ती लिहिते की जुलैत तुम्ही तिघं, मुलीला घेऊन, तुमच्या गाडीने इकडे येणार. ओशहून काराकुल, आणि तिथून खोरोगचा मोठा रस्ता सोडून वरच्या पठारावरून थेट आपल्या खोऱ्यात. तिने फक्त रस्त्याबद्दल विचारलंय. ती मला लिहिते आहे हे तुला माहीत नाही, असंही तिने प्रामाणिकपणे कळवलंय. तेव्हा मीही फक्त रस्त्याबद्दलच लिहिते. बाकी काही नाही. पत्र तुझ्या नावाने आहे, कारण गाडी तू चालवणार.

पहिली गोष्ट, वरच्या रस्त्याने येऊ नकोस.

हे तू ऐकणार नाहीस, म्हणून पुढच्या गोष्टी लिहिते. हा रस्ता तुला माहीत आहे असं समजू नकोस. तू गेलास तेव्हा कोवळा पोरगा होतास आणि ट्रकच्या मागे पोत्यांवर बसून गेलास. मागे बसणाऱ्याला फक्त निघून गेलेला रस्ता दिसतो. आता बाबांच्या खोलीत परदेशी प्रवासी उतरतात, आणि कोणाची गाडी कुठे अडकली हे मला चुलीपाशी बसून ऐकायला मिळतं. त्यामुळे तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं, रागावू नकोस.

आपल्या खोऱ्यात यायला तुला आता परवाना लागेल. व्हिसा वेगळा, बदख्शानचा कागद वेगळा. दोन्हीच्या पुष्कळ प्रती काढून आण, प्रत्येक चौकीवर एक ठेवून घेतात. चौकीवरचे शिपाई म्हणजे कंटाळलेली पोरं असतात. गाडीतून उतर, हात पुढे कर, थंडी किती आहे ते विचार. काच अर्धी खाली करून कागद दाखवणाऱ्याला ते ताटकळत ठेवतात.

काराकुलनंतर पेट्रोल बादलीत मिळतं. फडक्यातून गाळून घे, आणि फडकं तुझं असू दे. स्टेपनी एक नको, दोन आण. काराकुलला हवा विरळ आहे, तिथे पोचल्या दिवशी लीनाला पळू देऊ नकोस. तिचं डोकं दुखायला लागलं आणि ती चिडचिड करायला लागली, तर तिला हट्टी म्हणू नकोस, गाडी उलट फिरव आणि खाली ने. सीमेची तार दिसेल तिथे रस्ता सोडून एक पाऊलही टाकायचं नाही. खाली सुरुंग आहेत. लघवीलासुद्धा गाडीच्या मागेच. हे लीनाला नीट समजाव, मुलींना आडोसा लागतो.

नदीबद्दल हायकेने विचारलंय. तानिमासवर पूल नव्हता, अजूनही नाही. जिथे पाणी पसरून उथळ होतं तिथून गाडी घालायची, त्याला आपण उतार म्हणतो, एवढं तिला सांग. पांढरा खडक आठवतो ना? बाबा मेंढ्या उतरवायचे तोच उतार. खडक डाव्या हाताला ठेव आणि समोरच्या एकट्या झुडपाकडे बघत सरळ ये. जायचं ते सकाळी, पलीकडच्या कड्यावर ऊन पडायच्या आत. पाणी तितकंसं वाईट नसतं.

आपला थोरला, अका, मजेत आहे. तुझी चौकशी करतो.

तुझी आपा,
गुलनोर


शोदारा
१८ जून

अलिदोद,

हे पत्र ओशच्या पत्त्यावर पाठवते आहे. हायकेची तार मिळाली की तुम्ही निघालात. म्हणजे माझं पत्र वाचूनही वरचाच रस्ता. ठीक आहे.

मागच्या पत्रात काही गोष्टी नीट लिहायच्या राहिल्या. नदीच्या आहेत.

पाण्यात गाडी घालायच्या आधी काठावर उभं राहून कान दे. पाण्याखाली दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला तर जायचं नाही. दिवसभर बसून राहायचं. आवाज नसला तरी आधी स्वतः पायी जाऊन बघायचं. हातात काठी, कमरेला दोरी, बूट पायातच ठेवायचे. पाणी मांडीच्या वर आलं तर मागे फिर. गाडी पाण्यात असताना काचा सगळ्या खाली, पट्टे सगळ्यांचे सुटे, पहिल्या गिअरमध्ये, मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. लीना पुढे हायकेच्या मांडीवर. मागच्या सीटवर कोणी नको.

तू म्हणशील, आपाने पहिल्या पत्रात लिहिलं पाणी वाईट नसतं, आणि आता पट्टे सोडायला सांगते. लिहितेच. गेल्या वर्षी एक परदेशी जोडपं असंच वरून आलं. ती आमच्या दारात चालत आली, एकटीच. तो पार बासिद गावाच्या खाली सापडला. त्यांच्या गाडीचं एक दार आता शेजारच्या ओलमोसने शेळ्यांच्या गोठ्याला लावलंय. त्याची काच अजून खालीवर होते. मी रोज पाण्याला जाते ती त्या दारासमोरून.

त्यांचं काय चुकलं तेही ऐक, कारण ते तुझंही चुकू शकतं. पठारावर ओरोझबायचा तळ आहे. आठवतो ना, बाबांचा किरगिझ मित्र, लहानपणी तुला घोड्यावर उलटं बसवायचा तो. म्हातारा झालाय, पण प्रत्येक गाडीला आडवा जातो. त्याच्या तळावरून जाऊन त्याचा चहा न पिणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. आणि तू गुलोमशोचा मुलगा आहेस हे त्याला कळलं की मेंढी पडलीच समज. ती सोलायची, शिजायची, मग पाहुण्याने डोकं वाटून द्यायचं, मग पुन्हा चहा. तोवर ऊन वर येतं, वरचं बर्फ वितळतं आणि नदी फुगते. ते जोडपं त्याच्याकडे पोटभर जेवून, गाणी ऐकून निघालं होतं. दुपारी नदीवर पोचलं.

म्हणून थांबू नकोस. आदल्या दिवशी पठाराच्या अलीकडेच मुक्काम कर, पहाटे त्याचे लोक दूध काढत असताना तळ ओलांड आणि वळून बघू नकोस. त्याने अडवलंच तर सांग, मी जर्मन आहे, मला काही कळत नाही. बाबांचं नाव काढू नकोस. हे मी तुला लिहिते आहे, यावरून काय ते समज.

हे लिहीत असताना अका आत आला.

"कोणाला लिहितेस एवढं?"

"येणार आहेत त्या पाहुण्यांना. रस्ता विचारलाय."

"त्यांना लिही, खालून या."

"लिहिलं. ऐकत नाहीत."

"मग तू कशाला शाई वाया घालवतेस?" म्हणाला आणि चहात रोटी कुस्करायला लागला. मी कागदावर हात ठेवला. तुझं नाव वरच होतं.

म्हणजे तो चौकशी करतो वगैरे मी लिहिलं होतं, ते तसं नाही. पण तो मजेत आहे हे खरं आहे.

गुलनोर


शोदारा
७ जुलै

अलिदोद,

हे पत्र काराकुलला बुरुलबाईंच्या घरी पाठवते आहे. तुम्ही तिथे उतराल असं हायकेने कळवलंय. ते पोचलं आणि तू वाचत असशील, तर पुढचं काही वाचण्याआधी एवढं वाच: पांढऱ्या खडकाच्या उतारावर जाऊ नकोस. तिथे पाण्यात पाऊलही टाकू नकोस. मी चुकीचं लिहिलं. तिथे आता उतार नाही.

काल मला राहवलं नाही. ओलमोसच्या गोठ्याचं ते दार वाऱ्याने आपटत होतं. मी अकाला सांगून टाकलं की येणारे पाहुणे म्हणजे तू आहेस.

तो ट्रकखाली होता. तिथूनच पाना फिरवत राहिला.

मग म्हणाला, "येऊ दे. घर बाबांचं आहे, माझं नाही."

"वरून येतोय. मुलगी आहे बरोबर."

तो बाहेर आला. "उतार कुठला लिहिलास?"

"पांढऱ्या खडकाचा."

तो खालीच बसला, मातीत. वसंतातल्या पुराने तिथला सगळा काठ ओढून नेलाय. काठापासून दोन पावलं पाणी गुडघ्याएवढं दिसतं, आणि पुढे डोह आहे, त्याचा ट्रक उभा मावेल एवढा. वरून बघणाऱ्याला कळत नाही, कारण पाणी राखेसारखं गढूळ. नवा उतार बराच वर आहे, नदीच्या फांद्या फुटतात तिथे, आणि तीही वाट सरळ नाही. ती फक्त ओरोझबायच्या घोड्यांना माहीत आहे. त्याच्या माणसाला पुढे घातल्याशिवाय यंदा कोणी उतरलेलं नाही.

आणि मी तुला लिहिलं, ओरोझबायकडे थांबू नकोस.

मला कसं कळावं? यंदा वरून एकही पाहुणा आलेला नाही. बायका वर नदीपर्यंत जात नाहीत. अकाला विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं, पण विचारायचं तर तुझं नाव काढावं लागलं असतं.

"तो कधी कोणाचं ऐकत नाही," मी अकाला म्हणाले. "वाचून फेकून दिलं असेल."

"पोर गाडीत असलेला माणूस ऐकतो," अका म्हणाला.

अलिदोद, ओरोझबायकडे थांब. चहा पी. मेंढी कापू दे. गाणी म्हणू दे. दोन दिवस राहा, चार राहा. बाबांचं नाव सांग, मोठ्याने सांग. त्याचा माणूस आणि घोडा पुढे असल्याशिवाय नदीकडे बघूसुद्धा नकोस.

मागे आम्ही तुझ्यापासून बाबा गेल्याचं लपवलं. परक्या देशात एकट्या असलेल्या माणसाला अशी बातमी फोनवर देत नाहीत. पडला तर धरायला कोण असतं? इथे सगळी घरं असंच करतात, अकानेही तेच केलं. तुला मात्र भलत्याच माणसाचा सांत्वनाचा फोन आला, आणि बाबांना माती देऊन तेव्हा महिना झाला होता. तू फोनवर अकाला म्हणालास, तुम्ही माझा बाप चोरलात. तो म्हणाला, इथे असतास तर चोरता आला नसता. त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेला नाहीत. मी आज त्यात शिरत नाही. एवढंच सांगते की या वेळी काही लपवलेलं नाही. उतार मेला आहे.

सफरबेक हे पत्र घेऊन आत्ता निघतोय. रुशान, खोरोग, मुर्गाब, मग काराकुल. अका म्हणतो, पत्र डोंगराला वळसा घालून जाईल आणि तू डोंगरावरून येशील. तरी पाठवते.

गुलनोर


तानिमासच्या काठावर
११ जुलै

अलिदोद,

हे पत्र कुठे पाठवायचं मला माहीत नाही. हातांना काहीतरी काम हवं म्हणून लिहिते आहे. काल अका आणि मी ट्रक घेऊन इथे वर आलो. समोर, पाण्यापलीकडे, पांढरा खडक आहे.

मी अकाला म्हटलं, ट्रक घेऊन पलीकडेच जाऊन थांबू. त्याने आज सकाळी वरच्या फांद्यांपाशी प्रयत्न केला. पुढची दोन्ही चाकं गाळात बसली. मागे यायलाच दुपार झाली. मग म्हटलं, पायी जा.

"गुलनोर, पायी गेलेला माणूस इथून बासिदला जातो. पाण्यातून."

त्याचा गुडघाही धड नाही.

पाण्याखाली दगड आपटतात. सकाळी थोडं कमी, दुपारी बसल्या जागी पायाला कळतं. माझ्या हातातला पेला हलतो. आम्ही एकमेकांशी बोलतो ते तोंड कानाला लावून. इथून ओरडलेलं पलीकडे काय, नदीच्या मध्यापर्यंतही जाणार नाही.

मी घरातल्या लाल गोधड्या आणल्या आहेत. काठावर पसरून त्यांची मोठी फुली केली, दगड ठेवले. अकाने ओलं शेण जाळून धूर केला. हे बघून तू थांबशील का? तुला वाटेल, आपाने गोधड्या वाळत घातल्यात.

"त्याला आठवत असेल का रे, फुलीचा अर्थ?" मी विचारलं.

"फुलीला अर्थ असतो होय?" अका म्हणाला. "फुली म्हणजे फुली. जर्मनीत काय समजतात कोणास ठाऊक."

थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "मुलीचं नाव काय म्हणालीस?"

"लीना."

"आपल्यातलं नाही."

"नाही."

"म्हणायला सोपं आहे," तो म्हणाला आणि दोर तपासायला गेला. सगळा दोर त्याने हातातून काढला, जिथे झिजलाय तिथे गाठ मारली. मग पुन्हा पहिल्यापासून.

तुला मी आयुष्यभर सांगत आले, ऐक, ऐक. छपरावर चढू नकोस, युद्धात दुशान्बेला राहू नकोस, फोन आपटू नकोस. कधी ऐकलं नाहीस. आज मी मौलाकडे एवढंच मागते आहे की याही वेळी ऐकू नकोस. माझी पत्रं वाचून हस. हायकेला म्हण, माझी बहीण घाबरट आहे, आपण थांबू या म्हाताऱ्याकडे, मस्त मटण खाऊ. असं म्हण.

अका खडकाकडे बघतोय. पलीकडे काही नाही. वर पठारावर धूळ उडाल्यासारखं वाटतं, पण ती वाऱ्याचीही असेल.

पेन थांबवते.


शोदारा
१५ जुलै

अलिदोद,

तू आत्ता अकाबरोबर बाबांच्या कबरीवर गेला आहेस. लीना तुमच्या मागे निघाली होती, अकाने तिला खांद्यावर घेतलं. हायके माझ्या चुलीपाशी दूध-चहात मीठ किती घालायचं ते शिकते आहे आणि प्रत्येक वेळी जास्त घालते आहे. तुम्ही परवा निघणार. हे पत्र मी तुझ्या गाडीत ठेवीन, पुढच्या काचेपाशी.

तोंडाने सांगता आलं असतं, पण सांगायला लागले की तू म्हणतोस, आपा, जाऊ दे. मला जाऊ द्यायचं नाही. तू पाण्यात होतास, म्हणून काठावरून काय दिसलं हे तुला माहीत नाही.

तू ऐकलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलंस. कड्यावर ऊन पडायच्या आत गाडी एकटी आली, पुढे घोडा नाही, माणूस नाही. काचा खाली होत्या. लीना पुढे, आईच्या मांडीवर. खडकापाशी, मी लिहिलं होतं बरोब्बर तिथे, थांबवलीस गाडी. मी गोधडीवरून पळत खाली आले, ओढणी काढली, डोक्यावरून हलवली. ओरडत होते, माझा आवाज मलाच येत नव्हता. आणि तुम्ही मला बघितलंत. लीनाने खिडकीतून हात हलवला. मग तूही हलवलास, दोन्ही हात, लहानपणी हलवायचास तसे. तुला वाटलं, आपा स्वागताला आली.

मी ओढणी खाली टाकली. मग वाटलं, आता थांबले तर तो येईल. पुन्हा उचलली. काय केलं तर तू थांबशील हे मला कळत नव्हतं.

तू बंपरला दोर बांधलास, कमरेला बांधलास, काठी घेतलीस. सगळं माझ्या पत्रातलं. पहिलं पाऊल, दुसरं. पाणी गुडघ्याला. तू मागे वळून हायकेला अंगठा दाखवलास. तिसऱ्या पावलाला तू दिसेनासा झालास.

तुझा दोर ताणला गेला आणि सुटला. जर्मनीतून आणलेला सुंदर निळा दोर, त्याची गाठ निसरडी. अका तेव्हा माझ्या शेजारी नव्हता. मी वळून बघितलं तर ट्रकच्या हुकाला दोर होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला तो, छातीएवढ्या पाण्यात. पायी गेलेला माणूस बासिदला जातो असं सांगणारा तो. नदीने तुला मधल्या वाळूच्या पट्ट्यावर आणून टाकलं, म्हणून तो पोचू शकला. त्याने तुला कॉलरने धरलं आणि मग काहीतरी बोलला, तुझ्या कानाला तोंड लावून. बराच वेळ बोलला. थंड पाण्यात उभं राहून माणूस इतकं काय बोलतो? मी दोघांनाही विचारलं. तू म्हणतोस, आठवत नाही. तो म्हणतो, शिव्या दिल्या.

आता पुढचं. हायकेने मला विनंती केली आहे की हे तुला सांगू नये. पण लपवून आपल्या घरात काय झालं ते आपण पाहिलंय, म्हणून सांगते. तिला रागावू नकोस.

तू बुडालास तेव्हा ती लीनाला घेऊन खाली उतरली, काठापर्यंत पळाली. तू तिला दिसत नव्हतास, वाळूचा पट्टा खडकाआड होता. मग ती गाडीत जाऊन बसली, तुझ्या जागी. लीनाला शेजारी बसवलं. गाडी सुरू झाली हे मला धुरावरून कळलं. ती तुला आणायला निघाली होती. पुढची चाकं पाण्यात आली. तुम्ही दोघं भाऊ त्या वेळी एकमेकांना धरून आमच्या काठाकडे येत होता, तुमच्या पाठी तिकडे होत्या. बघणारी मी एकटीच होते.

आणि मग गाडीच्या नाकासमोर घोडा आला.

ओरोझबाय. पहाटे तुमची गाडी त्याच्या तळावरून न थांबता गेली होती. एवढा अपमान त्याच्या जन्मात झाला नव्हता. म्हातारा बिनखोगिराचा घोडा पळवत आला होता, तो तुम्हाला वाचवायला नाही. शिव्या द्यायला. त्याने बॉनेटवर चाबूक आपटला. हायके सांगते, तो रशियनमध्ये म्हणाला, "कुत्रं आलं तरी मी त्याला पाणी दाखवून पुढे सोडतो. तुम्ही कोण लागून गेलात?"

ती रडत म्हणाली, "माझा नवरा. नदीत."

"कुठल्या नदीत? इथून? इथून तर मासेसुद्धा जात नाहीत. कोणी सांगितलं इथून जायला?"

"त्याच्या बहिणीने."

"बहीण आहे की वैरीण?"

तिने कसंबसं बाबांचं नाव सांगितलं. गुलोमशो. म्हातारा घोड्यावरून उतरला, आत हात घालून त्याने गाडीची किल्ली काढून घेतली आणि आपल्या टोपीत ठेवली. मग खडकावर चढून आमच्या बाजूला बघितलं, आणि हायकेला बोटाने दाखवलं: दोघं आहेत, दोघंही उभे आहेत. तेव्हा तिला कळलं.

वरच्या उतारावरून घोडे पुढे घालून त्याने गाडी आणली ते तू पाहिलंस. लीना त्याच्या पुढ्यात घोड्यावर बसून आली, उलटी, हेही पाहिलंस. घोड्यावरून उतरायच्या आधी त्याने मला काय सुनावलं तेही ऐकलंस. "थांबू नका म्हणून लिहिलंस, पोरी? माझ्याकडे? गुलोमशोच्या मुलाला?" मेंढी त्याने तळावरून घोड्यांबरोबरच मागवली होती, जिवंत, पोत्यात घालून.

तुझ्या खाली जायच्या रस्त्याबद्दल लिहायला बसले होते आणि हे लिहीत राहिले. रस्त्याबद्दल आता मी काही लिहिणार नाही. माझ्या सल्ल्याची मला भीती बसली आहे. तेव्हा आज सकाळी अकालाच विचारलं. तो चहा पीत होता.

"तूच सांग, मी लिहिते."

"काय सांगायचं? रस्ता दिसतो समोर."

"तरी."

त्याने पेला ठेवला. "लिही. रुशानपर्यंत हॉर्न वाजवत जायचं, प्रत्येक वळणाला. दरडीखाली गाडी थांबवून फोटो काढायचे नाहीत, बायकोला सांग. पाऊस आला तर जिथे असशील तिथल्या गावात राहा, नातं विचारू नकोस, दार वाजव."

"लिहिलं."

"तो निळा दोर फेकून दे म्हणावं. माझा घेऊन जा."

"बरं."

"पुढच्या वेळी सप्टेंबरात ये म्हणावं, पाणी उतरलेलं असतं. आणि निघण्याआधी कळवायचं."

"मला कळवतोच तो, हायकेकडून."

"तुला कशाला?" तो म्हणाला. "नदीवर ट्रक कोण घेऊन येणार आहे, तू? लिही, मला कळवायचं."

लिहिलं आहे.

तुझी आपा,
गुलनोर